बेल्टची मुदत
(रौप्यमहोत्सवी समारंभातील सत्काराला उत्तर)



२५ वर्षांपूर्वी आपल्या आवारात सायकली, लुना आणि स्कूटर असायच्या. आज चारचाकी लावायला जागा मिळत नाही. म्हणून बँकेच्या आठवणी बाजूला ठेवून गाडीबद्दल चार कामाच्या गोष्टी सांगतो.

इंजिनात पिस्टन वर-खाली होतात आणि वरचे वॉल्व्ह उघडझाप करतात. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक व्हायलाच हवा. हा मेळ राखतो रबरी टायमिंग बेल्ट किंवा पोलादी चेन. मिनिटाला ३००० फेरे असतील तर प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो! पुष्कळ इंजिनांत पिस्टन आणि उघडा वॉल्व्ह एकाच जागेत येतात, फक्त वेळा वेगळ्या. बेल्ट तुटला की दोघांची धडक होते, वॉल्व्ह वाकतात, हेड उघडावं लागतं. साध्या मोटार विम्यात झीज आणि यांत्रिक बिघाड धरत नाहीत. खर्च आपल्याच खिशातून.

जुन्या मारुती ८०० ला बेल्ट होता. पुण्याजवळ रांजणगावला बनलेल्या फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिनाला चेन. पण चेन आहे म्हणून निश्चिंत राहू नका. तिला ताण देणारा टेन्शनर बहुधा ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल वेळेवर बदललं नाही तर चेन झिजते, सैल पडते. सकाळी थंड इंजिन सुरू करताना खडखड आली तर मिस्त्रीला दाखवा. बेल्ट मात्र बऱ्याचदा काहीच न सांगता तुटतो. आणि तुटल्यावर सेल्फ मारत बसू नका, नुकसान वाढतं.

मुदत ठेव पिकली की बँक कळवते. बेल्टची मुदत भरली हे कोण सांगणार? कंपनीच्या पुस्तकात किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, जे आधी येईल ते खरं. गाडी उभी असली तरी आपल्या खान्देशच्या उन्हात रबर म्हातारं होतंच, माझ्यासारखं! जुनी गाडी घेतली आणि बेल्ट बदलल्याची नोंद नसेल, तर आधी तो बदला. सोबत टेन्शनरही तपासून घ्या.

मंडळी, रात्री-अपरात्री पेशंटला शहाद्याला, नाहीतर कोंडाईबारी घाट उतरून सुरतेला न्यायला शेजाऱ्याचीच गाडी निघते. ती घाटात बंद पडू नये, एवढंच मागणं.

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा.