दगडाला पाझर

रविवारच्या शाळेत मुलांना शिकविणाऱ्या ख्रिस्ती शिक्षकापुढे एक अवघड प्रश्न नेहमी उभा असतो. खोटे बोलू नये, भांडू नये, हे मुलांना सांगता येते आणि ती ते पाठही करतात. परंतु अंतःकरण देवाने पालटावयाचे असते, हे त्यांना कसे सांगावे? पुष्कळदा आपण सोपी वाट धरतो. ‘चांगला हो, म्हणजे देव तुझ्यावर प्रीती करील,’ एवढे सांगून मोकळे होतो. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. तो एकदा मनात बसला म्हणजे मूल चांगुलपणाचे सोंग आणू लागते.

लूकाच्या शुभवर्तमानातील जक्कयाची गोष्ट पाहा. यरीहोचा हा जकातदार श्रीमंत, ठेंगणा आणि लोकांच्या डोळ्यांत सलणारा. येशूला पाहावे म्हणून तो उंबरावर चढला. झाडावर चढणारा मोठा माणूस मुलांना फार आवडतो. शिक्षकही तेथेच रमतो आणि मर्म हातचे निसटते. येशू झाडाखाली थांबून त्याच्या घरी उतरावयास निघाला, तेव्हा जक्कयाने कोणाची दमडीही परत केलेली नव्हती. अर्धी मालमत्ता गरिबांस देणे, लुबाडलेल्याची चौपट भरपाई करणे, हे सारे त्यानंतरचे. आधी काय झाले आणि मागून काय, एवढेच मुलांना विचारावे.

यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात पाषाणाचे हृदय काढून मांसाचे हृदय देण्याचे अभिवचन आहे. लहान मुलाला हे ऐकून शस्त्रक्रिया आठवते आणि ते घाबरते! येथे आपली मराठी धावून येते. दगडाला पाझर फुटणे हा शब्दप्रयोग घरोघरचा आहे. पावसाळ्यात कातळाच्या फटीतून झिरपणारे पाणी ज्याने पाहिले, त्याला निराळे सांगावे लागत नाही. ते पाणी दगडाने निर्माण केलेले नसते. ते वरून येऊन आत मुरलेले असते. आणि मुरावयास वेळ लागतो.

किती वेळ? पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पुढे स्वतःविषयी लिहिताना त्यांनी मोकळेपणाने सांगितले की, धर्म मिळाला तरी ज्याच्यासाठी तो स्वीकारला, तो ख्रिस्त त्यांना आपलासा झाला नव्हता. त्याला आणखी काही वर्षे जावी लागली. एवढ्या विदुषीची ही कथा. आम्ही मात्र नऊ वर्षांच्या मुलाला तासाच्या शेवटी विचारतो, ‘कोणाचे हृदय पालटले? हात वर करा.’ सगळे हात वर होतात. शेजाऱ्याचा झाला म्हणून आपलाही.

मग शिक्षकाच्या हाती काहीच नाही काय? आहे. नाथान संदेष्टा दावीद राजाकडे गेला, तो उपदेश करावयास बसला नाही. एका गरिबाचे एकुलते कोकरू श्रीमंताने कसे हिरावून नेले, एवढी गोष्ट त्याने सांगितली. राजा संतापला, आणि मग तो श्रीमंत कोण हे त्याला कळले. परंपरेने एक्कावन्नावे स्तोत्र त्या प्रसंगाशी जोडले आहे. त्यात दावीद सुधारण्याची हमी देत नाही. शुद्ध हृदय तू घडव, असे देवाला विनवितो. आपल्या शाळांतून ते स्तोत्र पाठ करून घेतात. त्यापूर्वी कोकराची गोष्ट सांगावी, आणि सांगून झाल्यावर शिक्षकाने थोडा वेळ गप्प बसावे.