पाण्यावरची माणुसकी आणि कागदावरचं नाव

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



‘प्रवासात भेटलेली माणुसकी’ असा विषय मला दिला आहे. मी बोलणार आहे ते नर्मदेच्या पाण्यावरच्या प्रवासाबद्दल. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातल्या ३३ गावांची जमीन गेली. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली ही आदिवासी गावं. धरणाची उंची १३८.६८ मीटर. सप्टेंबर २०१९ मध्ये ते पहिल्यांदा पूर्ण भरलं. खालच्या पायवाटा बुडाल्या, ओढ्यांच्या खाड्या झाल्या, पाडे एकमेकांपासून तुटले. जिथे चालत जाता यायचं तिथे आता होडी लागते. आरोग्याच्या कामासाठी मी या होड्यांमधून फिरते.

होडीत चढताना नाव विचारण्याआधी कुणीतरी हात पुढे करतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाला गुडघाभर गाळ असतो. पाय कुठे ठेवायचा ते तिथल्या बाईलाच कळतं. ती पुढे होते, आपण तिच्या पावलावर पाऊल टाकायचं. वारा सुटला की होडीवाला पुढे नेत नाही. मग मुक्काम जवळच्या पाड्यावर. ओळखदेख नसते, तरी भाकर भाजली जाते, खाट रिकामी होते. जात विचारत नाहीत. एकटी बाई कशी फिरतेस, हेही विचारत नाहीत. शहरात भाड्याची खोली शोधताना हे दोन्ही प्रश्न मला पहिल्या पाच मिनिटांत विचारले गेले आहेत.

हे ऐकून ‘किती भोळी माणसं!’ असं म्हणावंसं वाटेल. पण यात भोळेपणा नाही. उद्या आपल्या सुनेला कळा सुरू झाल्या तर दुसऱ्या पाड्यावरची होडी धावून यावी लागेल, हे त्या बाईला पक्कं ठाऊक असतं. १५ जानेवारी २०१९ ला, संक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यात भुषा इथे भाविकांची होडी उलटली आणि माणसं बुडाली. असं हे पाणी आहे. त्यावर जगणाऱ्यांनी एकमेकांसाठी घालून घेतलेला हा नियम आहे.

या नियमाची किंमत कोण मोजतं? पाहुणी आली म्हणून चढावरून आणखी एक हंडा आणणारी, आपल्या वाटची भाकर मोडून देणारी बाईच.

एका घरातून निघताना मी शिध्याचे पैसे पुढे केले. बाईनं घेतले नाहीत. आतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद आणला आणि म्हणाली, “ताई, यात माझं नाव आहे का, तेवढं सांग.” तो वनहक्काच्या दाव्याचा कागद होता. २००६ च्या कायद्याप्रमाणे पती-पत्नी असतील तर हक्क दोघांच्या नावे नोंदवायचा असतो. कागदावर नाव फक्त नवऱ्याचं होतं.

हे आजचं नाही. १९७९ च्या नर्मदा लवादाच्या निवाड्यात सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब मानलं, सज्ञान मुलीला नाही. अनोळखी बाईसाठी दार उघडणारीचं स्वतःचं नाव कागदावर शोधावं लागतं!

दुसरं, कौतुकाबद्दल. २०२० साली, कोरोनाच्या काळात, चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी एका मच्छीमाराची होडी मागून घेतली आणि स्वतः वल्हवत गरोदर बायका व बाळांपर्यंत आहार पोचवला. वर्तमानपत्रांत खूप कौतुक झालं, ते योग्यच होतं. पण सेविकेला सरकार पगार देत नाही, मानधन देतं. आणि कामावर जायला होडी मागून आणावी लागते, हा प्रश्न त्या कौतुकात बुडून गेला. बायकांचा चांगुलपणा असा वापरला जातो. त्यांनी केलं, म्हणजे आता कुणी काही करायला नको!

म्हणून तीन गोष्टी सुचवते. एक, मुक्कामाला जाताना शिधा बरोबर न्या, आणि होडीचं भाडं संघटनेच्या खर्चात धरा. दोन, ज्या घरी जेवाल त्या घरचे कागद वाचून दाखवा, आणि बाईचं नाव आहे की नाही ते तिला स्पष्ट सांगा. तीन, वेळापत्रकाप्रमाणे सुटणारी होडी, लाइफ जॅकेट आणि उतरायला पक्का घाट, ही मागणी बायकांच्या सह्या-अंगठ्यांनी ग्रामसभेत मांडा.

त्या बाईनं नाव घालण्यासाठी वनहक्क समितीकडे अर्ज दिला आहे. होडीतून येऊन तिनं तो स्वतः दिला. अजून निर्णय झालेला नाही. पुढच्या महिन्यात तिकडे जाणाऱ्या मैत्रिणींनी समितीकडे त्याची चौकशी जरूर करावी.