घरचा धंदा, घरची माणसे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



सरकारी नोकराने व्यापारावर बोलावे, हे पोहता न येणाऱ्याने नदीविषयी बोलण्यासारखे आहे. तथापि आयकर खात्यात तीस वर्षे काठावर उभे राहून तरणारे आणि बुडणारे, दोघेही मी पाहिले. तेवढ्याच अधिकाराने चार शब्द बोलतो.

माझी नेमणूक इंदुरास होती तेव्हाची गोष्ट. शेजारी तिघा भावांचे एकत्र कुटुंब होते. लोखंडी सामानाचे दुकान. थोरले कारभार पाहत, मधले खरेदीसाठी हिंडत, धाकटे गल्ल्यावर बसत. ज्याला लागेल त्याने गल्ल्यातून घ्यावे. मुलांची फी, दागिना, पाहुण्यांची मिठाई, सारे तेथूनच. ‘आमच्यात हिशेब नाही,’ असे ते अभिमानाने सांगत आणि आम्ही कौतुकाने ऐकत असू.

थोरले एकाएकी गेले. भागीदारीचा लेख नव्हता. कोणी किती उचलले, कोणाचे किती उरले, हे सांगणारा माणूसच उरला नाही. दीड वर्षात दुकानाला कुलूप लागले आणि घरात दुसरी चूल पेटली. एके दिवशी थोरल्या वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, तुम्हाला कायदा ठाऊक होता. हे होते तेव्हा एकदा तरी बोलायचं होतंत.” माझ्यापाशी उत्तर नव्हते. शेजारधर्माला बाध येईल म्हणून मी गप्प राहिलो होतो. आजचे भाषण हे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर समजावे.

1932 चा भागीदारी कायदा काय म्हणतो? वेगळा करार नसेल, तर भागीदाराला कामाचे वेतन मागता येत नाही, नफा समान वाटला जातो आणि एकाच्या मृत्यूने भागीदारी विसर्जित होते. म्हणजे राबणारा आणि बसून खाणारा, कायद्याला दोघे सारखेच. हे बदलण्याची मुभा भागीदारांना आहे. मात्र ती माया शाबूत असताना वापरावयाची. भांडणानंतर होणारा कागद वकिलांचा असतो, आधी होणारा घराचा.

आता तरलेल्यांचे उदाहरण. 1888 साली बेळगावी किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे छोटे दुकान निघाले. लक्ष्मणराव मुंबईत शिक्षक. ते सायकली पाठवीत आणि बंधू रामूअण्णा त्या विकीत. पुढे 1910 साली औंध संस्थानात, निवडुंगाच्या माळावर, किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेथे हिशेब मंगेशराव रेगे यांच्याकडे होते आणि यंत्रकामात शंभोराव जांभेकर होते. दोघेही आडनावाने बाहेरचे! ज्याच्या अंगी जे काम, त्याच्या हाती ते काम, ही तेथील रीत. कुटुंबप्रमुखाचे खरे नेतृत्व मी यालाच म्हणतो.

यावरून नित्याच्या चार गोष्टी सुचवितो. पहिली : दुकानात काम करणाऱ्या प्रत्येकाने, मालक असला तरी, ठरलेला पगार घ्यावा आणि घरखर्च त्यातूनच करावा. दुसरी : भागीदारीपत्र लेखी व नोंदलेले असावे, आणि ते घरातील स्त्रियांनाही वाचून दाखवावे, कारण संकट आले की पहिली झळ त्यांनाच लागते. तिसरी : मुलाला थेट गादीवर बसवू नये. प्रथम त्याने गोदामात माल मोजावा, जुन्या कारकुनाच्या हाताखाली कीर्द लिहावी. चौथी, आणि सर्वांत अवघड : थोरल्याने आपल्यामागे कोण, हे आपण असतानाच सांगावे, आणि सांगितल्यावर किल्ल्याही द्याव्यात.

हिशेबाने प्रेम आटते, ही आपली समजूत आहे. माझा अनुभव उलट आहे. हिशेब चोख असला की सणाच्या पंक्तीला सारे भाऊ निःशंक मनाने शेजारी बसतात. आज घरी गेल्यावर आपल्यापैकी एकाने जरी हा विषय काढला, तरी माझ्या मनावरचे ओझे थोडे हलके होईल.