डोंगराच्या पोटातली नदी

डोंगराला वळसा घालून जाणारी नदी आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. पण समोर डोंगर आला म्हणून न अडता सरळ त्याच्या पोटात शिरणारी आणि सात किलोमीटरांहून अधिक अंतर अंधारातून कापून पलीकडे उजेडात येणारी नदी मी पाहिली, ती लाओस देशात. हिनबून तिचं नाव. त्या विवराला कोंग लोर म्हणतात.

मेकाँग नदीच्या काठी थाखेक नावाचं गाव आहे. तिथं मी एक फटफटी भाड्यानं घेतली. तिकडे वाहनं रस्त्याच्या उजव्या अंगानं चालवतात, त्यामुळे पहिला दिवस माझा जीव मुठीत होता! पुढे नकाईच्या पठारावर धरणाचं पाणी लागलं. नाम थेउन २ हे १०७० मेगावॅटचं वीजकेंद्र २०१० साली सुरू झालं. त्यातली बहुतेक वीज शेजारच्या थायलंडला जाते. पाण्यात बुडालेली झाडं अजून वाळल्या खोडांनी उभी आहेत. कोयनाकाठच्या माणसाला तिथं फार वेळ थांबवत नाही.

वाटेत एके ठिकाणी डोंगरकडे छान दिसत होते म्हणून मी रस्ता सोडून रानात चार पावलं टाकली. तोच मागून एका म्हातारीनं अशी हाक मारली, की मी जागच्या जागी थिजलो. भाषा कळेना, पण तिनं दोन्ही हातांची ओंजळ केली आणि एकदम उघडली. ते मात्र कळलं. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेच्या विमानांनी या देशावर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यांत चेंडूएवढे छोटे गोळे सुमारे सत्तावीस कोटी होते आणि त्यांतले तीस टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत, असा अंदाज आहे. नांगर घालताना, मुलं खेळताना आजही ते फुटतात. मी आपल्याच पावलांच्या ठशांवर पाय ठेवत मागं फिरलो. पुढे एका ओढ्यात एक लांबोडकी चकचकीत होडी दिसली. विमानांनी टाकून दिलेल्या तेलाच्या टाकीची होती ती! माणसानं आपला संसार कशाकशातून उभा करावा?

कोंग लोरला होडीत दोन नावाडी असतात, एक पुढे, एक मागे. कपाळाला दिवा बांधून आत शिरलो. छत इतकं उंच, की दिव्याचा उजेड पोचेना. शिक्षकबंधूंनी मुलांना सांगावं, की आपली वेरूळची लेणी काळ्या पाषाणात माणसानं छिन्नीनं कोरली. इथं काम पाण्याचं. पावसाचं पाणी हवेतला नि मातीतला कार्बन डायॉक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि चुनखडीचा दगड विरघळवतं. तोच चुना थेंबाथेंबानं परत साचून छतापासून नि जमिनीवरून लवणस्तंभ वाढतात. मध्ये एका जागी उतरून ते पाहता येतात. तिथं रंगीत दिवे लावलेत, ते नसते तर बरं झालं असतं.

पुढे उथळ पाण्यात पंख्याला दगड लागला आणि यंत्र बंद पडलं. काय ती शांतता! नुसतं पाणी ठिबकत होतं. मी होडीची कड घट्ट धरून बसलो. पुढचा नावाडी गुडघाभर पाण्यात उतरला, मागच्यानं पंखा वर उचलला, खिशातून खिळा काढला, दगडानं ठोकला. पाच मिनिटं गेली असतील, मला तास वाटला. मग मीही खाली उतरून होडी ढकलू लागलो, तर दोघे हसले.

परतल्यावर त्यांनी हातपाय धुतले, पानात बांधलेला चिकट भात माझ्यापुढे केला आणि जेवण होताच दोघेही निघाले. होडीची पाळी संपली होती. विवराबाहेरच्या शेतात तंबाखूला पाणी द्यायचं राहिलं होतं.