झाडीपट्टींतला पाहुणचार

भंडारा जिल्ह्यास तळ्यांचा जिल्हा म्हणतात हें पुष्कळांस ठाऊक असतें. तुमसरची तांदुळाची बाजारपेठ, भंडाऱ्याचीं पितळेचीं भांडीं, पवनीचा किल्ला व तेथील बौद्ध स्तूपांचे अवशेष हींही नांवें अनेकांच्या कानांवरून गेलेलीं असतात. परंतु या जिल्ह्यांत जाऊन आलेल्या एखाद्या गृहस्थास, "तेथें आपण काय जेवलांत?" असा प्रश्न केला, तर तो क्षणभर घोटाळतो आणि मग सावजी रश्शाचें किंवा हमरस्त्यावरील ढाब्यांतल्या पनीराचें नांव घेतो. यांतला पहिला पदार्थ नागपूरचा आणि दुसरा पंजाबचा. भंडाऱ्याचें अन्न त्याच्या पानांत पडलेलेंच नसतें. यांत त्याचा दोष थोडाच आहे. तें अन्न विकत मिळत नाहीं. तें कां मिळत नाहीं, आणि मिळूं लागलें तर त्याचें काय होईल, यासंबंधीं मी आज चार शब्द बोलणार आहे.

प्रथम तें अन्न येतें कोठून तें पाहूं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या टापूस झाडीपट्टी म्हणण्याचा प्रघात आहे. यांपैकीं गोंदिया तर १९९९ सालापर्यंत भंडाऱ्याचाच भाग होता. येथें पाऊस पुष्कळ, परंतु तो चार महिन्यांत पडून मोकळा होतो, आणि धानास तर निसवण्याच्या ऐन वेळीं पाणी हवें. ही अडचण गोंड राजांच्या अमदानींत मुख्यत्वें कोहळी लोकांनीं सोडविली. चांद्याच्या राजानें त्यांस काशीकडून आणविलें अशी आख्यायिका आहे. जमिनीचा उतार नुसत्या नजरेनें ओळखून, ओढ्याच्या वाटेवर मातीची पाळ घालून बांधलेलीं अशीं तळीं या प्रदेशांत सहा हजारांहून अधिक आहेत. पुढें मालगुजारांच्या ताब्यांत असलेलीं हीं तळीं १९५१ सालीं मालगुजारी संपली तेव्हां सरकारकडे आलीं, आणि 'माजी मालगुजारी' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून लोक त्यांस 'मामा तलाव' म्हणूं लागले. मामाच्या घरीं भाचा उपाशी राहत नाहीं. तेव्हां सरकारी कागदांतून निघालेलें असूनही नांव बरें पडलें आहे.

झाडींतल्या घरच्या पानांतला बहुतेक प्रत्येक पदार्थ या तळ्याशीं कोठें ना कोठें बांधलेला असतो. भात तर तळ्याच्या पाण्याचाच. पण धानाचें पीक बांधींत उभें असतां, जमिनींत ओल आहे तोंच, शेतकरी त्या उभ्या पिकांत लाखोरी आणि जवस फेकून देतो. नांगरट नाहीं, खत नाहीं, वेगळें पाणी नाहीं. यास उतेरा म्हणतात. धानाची कापणी झाली कीं उरलेल्या ओलीवर हें दुसरें पीक खोडक्यांतून डोकें वर काढतें. पौषाच्या सुमारास लाखोरीचे कोंवळे शेंडे खुडून त्यांची भाजी करतात, आणि उरलेला पाला वाळवून, उन्हाळ्यांत ज्या वेळीं शेतांत हिरवें पान दृष्टीस पडत नाहीं त्या वेळेकरितां, मडक्यांत भरून ठेवतात. डाळीचें वरण होतें, डाळ भिजवून वाटून तिचे वडे होतात. जवसाचें तेल निघतें, आणि भाजलेला जवस, लसूण व मिरची कुटून केलेली चटणी तर बाराही महिने. तळ्यांत शिंगाडा असतो, मरळ असते, आणि बोटाच्या पेराएवढे झिंगे असतात. ते वाळवून वांग्यांत घातले म्हणजे दुसऱ्या मसाल्याची फारशी गरज उरत नाहीं. पावसाच्या पहिल्या सरीनंतर तरोट्याची भाजी येते, मागाहून बांबूचे कोंब म्हणजे वास्ते येतात, आणि वारुळांवर उगवणाऱ्या सात्या ज्या दिवशीं सांपडतील त्या दिवशीं घरांत सण असतो. चैत्रांत मोह गळतो. शहरच्या माणसास त्या फुलांची दारू तेवढी माहीत. पण हीं फुलें वाळवून त्यांचे लाडू आणि भाकरी करणारीं घरें झाडींत आहेत, आणि वाईट सालीं याच फुलांनीं त्यांस तारलें आहे. हीं फुलें गोळा करण्यावरील व नेण्याआणण्यावरील निर्बंध महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं उठविले, तें योग्यच झालें.

आतां लाखोरीकडे वळतों, कारण माझ्या आजच्या विषयाची गांठ तिथेंच आहे. हिलाच कोठें लाख, कोठें तेवडा म्हणतात. या बिचारीच्या नांवावर एक मोठा कलंक आहे. १८३० च्या सुमारास सागर जिल्ह्यांत लागोपाठ गहू बुडाला, आणि लोकांस केवळ याच डाळीवर दिवस काढावे लागले. तेव्हां शेंकडों धडधाकट तरुणांचे पाय लुळे पडले. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानें ही हकीकत आपल्या १८४४ सालीं छापलेल्या ग्रंथांत नमूद करून ठेवली आहे. डाळींत एक विषारी द्रव्य असतें, आणि महिनेच्या महिने दुसरें कांहीं न खातां तिच्यावरच निर्वाह केला तर तें मज्जातंतूंस बाधतें, हें पुढें सिद्ध झालें. १९६१ सालीं केंद्र शासनानें तिच्या विक्रीवर बंदीचा नियम केला. झाडींतला शेतकरी मात्र ती पेरीतच राहिला. भाताबरोबर, इतर भाज्यांबरोबर, डाळ भिजवून व तें पाणी फेंकून देऊन ती बेतानें खाल्ली तर धोका पुष्कळ कमी होतो, असा त्याचा अनुभव होता, आणि शास्त्रज्ञांचें म्हणणेंही त्याहून फारसें निराळें नाहीं. विषाचा अंश कमी असलेले 'रतन', 'महातेवडा' असे वाणही त्यांनीं काढले आहेत. परंतु व्हावयाचें तें होऊन गेलें. बाजारांत तोंड लपविणारी वस्तु खाणावळींत कशी जाणार? ती घरांत राहिली, आणि घरांत राहूनही शरमेची झाली.

ही शरम किती खोल गेली आहे याचा अनुभव मला साकोली तालुक्यांतील एका शेतकऱ्याच्या घरीं आला. दिवस मार्गशीर्षाचे, खळ्यावर धानाच्या राशी, आणि माझे यजमान माझ्या मित्राचे आप्त. मी येणार म्हणून घरच्या सुनेनें मुलास सायकलवरून पिटाळून पनीर आणविलें होतें. जेवावयास बसलों तेव्हां चुलीजवळच्या गंजांतून एक ओळखीचा नसलेला, थोडा मातकट, थोडा गोडसर वास येत होता. मीं विचारलें, तेव्हां म्हातारी हळूच म्हणाली, "लाखोरीचं वरण हाय जी. ते आमच्यासाठीं. गरिबायचं खाणं तुमाले कसं वाढावं?" मीं आग्रह केला, तेव्हां तिनें सुनेकडे पाहिलें, सुनेनें नवऱ्याकडे पाहिलें, आणि अखेर एका लहान वाटींत तें वरण आलें. त्याच्याबरोबर जवसाची चटणी आली, मग वांग्यांतले झिंगे आले. पनीर तसेंच राहिलें, आणि पैसे घालून आणलेली वस्तु वाया गेली याची त्या सुनेस वाटलेली हळहळ मला अजून विसरतां येत नाहीं.

श्रोतेहो, या ठिकाणीं मला भूमध्य समुद्रांतील एका बेटाची आठवण होते. ग्रीस देशाच्या सांतोरिनी बेटावर 'फावा' नांवाचा एक पदार्थ करतात. पिवळी डाळ शिजवून घोटावयाची, वर चिरलेला कांदा आणि ऑलिव्हचें तेल घालावयाचें, झालें. ही डाळ म्हणजे आपल्या लाखोरीची सख्खी बहीण. वनस्पतिशास्त्रांत दोघींचें कुळ एकच. सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वीं ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडल्या गेलेल्या तेथील वस्तींतही ती सांपडली आहे. आज त्या बेटावरील प्रत्येक गांवच्या खाणावळींत, ज्यांस ते 'तावेर्ना' म्हणतात, हें वरण अभिमानानें मांडलें जातें, आणि सांतोरिनीचें नांव दुसरीकडच्या डाळीस लावतां येणार नाहीं असें संरक्षण युरोपांतील कायद्यानें त्यास दिलें आहे. तोही एके काळीं गरिबांचाच घांस होता. सायप्रस बेटावर प्रवासी शेतकऱ्याच्या घरीं उतरतात, तें घर पिकवील तें खातात आणि त्याचे पैसे देतात. भूमध्य प्रदेशाच्या आहारपद्धतीस युनेस्कोनें २०१० सालीं जो मान दिला, त्यांत २०१३ सालीं सायप्रसचेंही नांव घातलें गेलें.

मग भंडाऱ्यांत हें कां होऊं नये? महाराष्ट्र शासनानें २०२० सालीं कृषिपर्यटनाचें धोरण केलें. नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प आणि कोका अभयारण्य हीं दोन्ही २०१३ सालचीं. वाघ पाहावयास येणारीं माणसें दारावरून जातात. व्हावें, असें माझेंही मत आहे. परंतु घराची खाणावळ होते तेव्हां काय घडतें याचें एक उदाहरण आपल्या अगदीं जवळ आहे, आणि तें पाहिल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे.

तें उदाहरण सावजीचें. सावजी ही मूळची हलबा कोष्टी लोकांची घरगुती पाककृति. पवनी, मोहाडी, आंधळगांव येथेंही विणकरांची जुनी वस्ती आहे. गिरण्यांपुढें हातमाग मागें पडला, तेव्हां पुष्कळ कुटुंबांनीं स्वयंपाकघराच्या पुढल्या खोलींतच पाटपाणी मांडलें असें सांगतात. बायका रांधीत, पुरुष वाढीत. त्या धंद्यानें अनेक घरें सांवरलीं, याबद्दल वाद नाहीं. पण खाणावळ चालूं लागली तसा रश्शावरचा तेलाचा तवंग, ज्यास तेथें तर्री म्हणतात, जाड होत गेला, आणि तिखटाची चढाओढ लागली. कपाळास घाम आला नाहीं तर पैसे फुकट गेले असें गिऱ्हाईक समजूं लागलें. त्या घरांतल्या साध्या भाज्या, आंबील, सौम्य वरणें यांची चौकशी कोणीच केली नाहीं. मोठ्यानें बोलणारा पदार्थ तेवढा बाजारांत टिकतो, आणि झाडींतलें अन्न तर स्वभावानेंच हळू बोलणारें आहे. उद्यां लाखोरीच्या वरणावरही बोटभर तर्री तरंगूं लागली तर मला आश्चर्य वाटणार नाहीं, दुःख मात्र होईल.

दुसरी गोष्ट तळ्याची. पूर्वीं तळ्यांत आपोआप होणारे देशी मासे आतां कमी झाले आहेत. रोहू-कतल्याचें बीज सोडलें कीं तें लवकर वाढतें आणि वजनानें विकलें जातें. लहान मासा ज्या पाणवनस्पतींत अंडीं घालतो त्या मात्र गाळानें आणि बेशरमाच्या झुडपांनीं नाहींशा होत चालल्या. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था आणि ढिवरांच्या सहकारी संस्था कांहीं तळ्यांत या वनस्पति पुन्हां लावूं लागल्या आहेत, व तेथें देशी मासा परत येत आहे. पाहुण्यानें रोहूऐवजीं झिंगे मागितले तर या कामास थोडा तरी हातभार लागेल. जें मागितलें जातें तेंच जाळ्यांत येतें.

आणि तिसरी गोष्ट, जी धोरणांच्या कागदांत क्वचितच लिहिलेली असते. चुलीपुढें बसणार कोण? रोवणीच्या दिवसांत झाडींतली स्त्री पहांटेपासून गुडघाभर चिखलांत उभी असते. त्या दिवसांत चार पाहुणे आले आणि त्यांस दोन वेळा ताजें रांधून हवें झालें, तर त्यास मी पाहुणचार म्हणणार नाहीं. पैसे घरधन्याच्या हातीं आणि धूर घरधनिणीच्या डोळ्यांत, असें सावजी खाणावळींतही पुष्कळ ठिकाणीं झालें. येथें दर ठरवावा तो तिनें, दिवस ठरवावा तो तिनें, आणि आज जमत नाहीं असें म्हणण्याची मुभाही तिला असावी.

ज्यांस जावयाचें असेल त्यांनीं कापणी आटोपल्यावर, मार्गशीर्षापासून माघापर्यंत जावें. लाखोरीचा पाला पौषांत कोंवळा असतो. मोहाकरितां चैत्र, वास्त्यांकरितां श्रावण. पण आषाढांत रोवणी चाललेली असतां कोणाच्याही दारीं उभे राहूं नये. चार दिवस आधीं निरोप धाडावा, आणि त्या निरोपांत एक वाक्य स्पष्टपणें घालावें, कीं आमच्याकरितां बाजारांतून कांहीं आणवूं नका, तुमच्या चुलीवर त्या दिवशीं जें असेल तेंच वाढा. एवढें सांगूनही मुलगा सायकलवर बसलेला दिसला, तर त्यास वाटेंतूनच परत बोलवावें.