दुबईला धंदा का जातो?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचं शब्दांकन)



रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरच्या आपल्या गावांत दुबई कुठे आहे हे कुणाला नकाशावर दाखवावं लागत नाही. १९७०च्या दशकापासून मोहल्ल्यामोहल्ल्यातून माणसं आखातात गेली, त्यांच्या पैशातून घरं उभी राहिली, बहिणींची लग्नं झाली, मशिदींना रंग लागला. पण आपण दुबईकडे कायम कामगाराच्या बाजूनं पाहिलं. व्हिसा कोण देतो, पगार किती दिरहॅम, एका खोलीत किती जण. ज्या कंपन्यांनी आपल्या माणसांना कामाला ठेवलं, त्या कंपन्या मुळात त्या वाळूत का आल्या, हे आपण फारसं विचारलं नाही. आज तेवढंच विचारायचं आहे.

दोन उत्तरं लगेच मिळतात. एक, तेल. दुसरं, तिथं कर नाही.

तेलाचं आधी पाहू. दुबईत तेल सापडलं १९६६ साली आणि निर्यात सुरू झाली १९६९ साली. अबुधाबीच्या तुलनेत ते साठे किरकोळ. आज दुबईच्या एकूण उत्पन्नात तेलाचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी आहे. आणि मुख्य म्हणजे दुबई हे व्यापाराचं गाव तेलाच्या कितीतरी आधीपासून होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणच्या किनाऱ्यावरच्या लिंगे बंदरात तिथल्या सरकारनं जकात वाढवली. (जकात म्हणजे मालावरचा कर, आपण रमजानमध्ये काढतो ती नव्हे.) दुबईचे तेव्हाचे शासक शेख मकतूम बिन हशर यांनी नेमकं उलटं केलं. जकात काढून टाकली आणि लिंगेच्या व्यापाऱ्यांना सांगितलं, इकडे या, राहायला जागा घ्या. ते आले. खाडीच्या काठावर त्यांनी वाऱ्याच्या मनोऱ्यांची घरं बांधली. इराणातल्या बस्तक गावावरून त्या वस्तीला बस्तकिया म्हणू लागले. ती घरं आज पर्यटक पाहायला जातात.

त्या दुबईचं मुंबईशी फार जवळचं नातं होतं. खाडीतून निघालेली गलबतं मुंबईला यायची. चलन तर आपलंच होतं. १९५९ पासून रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळा रुपया छापत असे आणि दुबईच्या बाजारात १९६६ पर्यंत तोच चालला. सोन्याचं तर काय सांगावं! दुबईत सोनं आणणं कायदेशीर, दुबईतून बाहेर नेणंही कायदेशीर. ते बेकायदा व्हायचं आपल्या किनाऱ्याजवळ आल्यावर. कोकणातल्या जुन्या लोकांना याहून जास्त सांगायची गरज नाही.

पुढे शेख राशिद बिन सईद यांनी गाळानं भरत चाललेली खाडी कुवेतकडून कर्ज काढून खोल करून घेतली. तेव्हा तेल सापडलेलंही नव्हतं. मग १९७२ला राशिद बंदर, १९७९ला जबल अली बंदर, १९८५ला त्याच बंदराला लागून मुक्त व्यापार क्षेत्र आणि त्याच वर्षी एमिरेट्स विमान कंपनी. मुक्त क्षेत्राचा अर्थ साधा आहे. बाकी देशात परक्या माणसाला धंदा करायचा तर ५१ टक्के भागीदारी स्थानिक माणसाला द्यावी लागे. क्षेत्राच्या कुंपणाच्या आत १०० टक्के मालकी परक्याची. माल आणा, बांधा, पुढे पाठवा, नफा घरी न्या. बाहेरची ती ५१ टक्क्यांची अट बहुतेक धंद्यांपुरती २०२१ साली काढून टाकली.

कराचं उत्तर अर्धं खरं आहे. पगारावर आयकर आजही नाही. पण २०१८ पासून पाच टक्के मूल्यवर्धित कर आहे आणि २०२३ पासून एका मर्यादेवरच्या नफ्यावर नऊ टक्के कंपनी कर आहे. हा कर लागला म्हणून कंपन्यांनी गाशा गुंडाळला, असं काही झालं नाही. जगात कर नसलेली बेटं पुष्कळ आहेत. तिथं पाटी लागते, माणसं राहायला जात नाहीत.

माझ्या मते खरं उत्तर २००४ सालच्या एका निर्णयात आहे. दुबईनं आंतरराष्ट्रीय वित्त केंद्र काढलं आणि त्या केंद्राला स्वतःचं न्यायालय दिलं. त्यासाठी देशाच्या राज्यघटनेत दुरुस्ती केली. या न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, दिवाणी आणि व्यापारी दाव्यांना इंग्लंडच्या पद्धतीचा कायदा लागतो. पहिले मुख्य न्यायाधीश होते इंग्लंडचे अँथनी इव्हान्स. फौजदारी कायदा मात्र देशाचाच. २०११ पासून तर केंद्राच्या बाहेरच्या दोन कंपन्यांनाही करारात लिहून या न्यायालयाकडे जाता येतं. परका व्यापारी शेवटी हेच विचारतो: उद्या माझं आणि तुमच्या माणसाचं भांडण झालं, तर निवाडा कोण करणार, आणि तो मला आधी ओळखता येईल का? दुबईच्या शासकानं उत्तर दिलं की निवाडा माझा काझी करणार नाही, तुला कळणारा न्यायाधीश करेल. स्वतःच्या हातातली सत्ता तेवढ्यापुरती बाजूला ठेवली आणि त्या बदल्यात विश्वास विकत घेतला.

एकदा या वाटेनं गेल्यावर बाकीचे बदल आले. मुस्लिम बहुसंख्य देश, पण जानेवारी २०२२ मध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारवरून शनिवार-रविवारवर नेली. लंडन-न्यूयॉर्कचा बाजार सुरू असताना दुबई बंद राहू नये म्हणून. शुक्रवारी सरकारी कचेऱ्यांत अर्धा दिवस काम, आणि जुम्म्याच्या नमाजाची सगळीकडे एकच वेळ. आकाश कोसळलं नाही. आपल्याकडे मोहल्ल्याच्या शाळेची सुट्टी शुक्रवारवरून रविवारवर न्यायची म्हटली तर किती बैठका होतात आणि दीन धोक्यात आल्याची किती भाषणं होतात, हे इथं बसलेल्या शिक्षकांनी सांगावं.

आता आपल्या चळवळीच्या जिव्हाळ्याचा मुद्दा. २०२२ साली अमिरातीनं बिगरमुस्लिमांसाठी वेगळा कौटुंबिक कायदा केला. तो २०२३ पासून लागू आहे. त्यात साक्षीला स्त्री-पुरुष समान, घटस्फोट मागण्याचा हक्क दोघांना सारखा, मुलांचा ताबा दोघांकडे. मृत्युपत्र नसेल तर निम्मी मालमत्ता पतीला किंवा पत्नीला आणि उरलेली निम्मी मुलांत समान, मुलगा-मुलगी भेद नाही. त्याआधी २०२० साली इज्जतीच्या नावाखाली केलेल्या गुन्ह्यांना मिळणारी सूट रद्द झाली, तीही सर्वांसाठी. हे सगळं का झालं? लंडनहून येणारी अधिकारी बाई आपल्या मुलांना घेऊन या शहरात निर्धास्त राहील की नाही, याचा हिशेब कुणीतरी मांडला म्हणून.

मग विचार करा. दुबईत राहणाऱ्या हिंदू किंवा ख्रिस्ती कुटुंबातल्या मुलीला भावाइतका वाटा मिळतो. त्याच इमारतीतल्या मुस्लिम मुलीला भावाच्या निम्मा. शासन मुस्लिम, न्यायालय मुस्लिम, आणि समतेचा कायदा पाहुण्यांसाठी! जे परक्यांसाठी एका फर्मानानं शक्य झालं ते आपल्या लेकींसाठी अशक्य कसं, याचं उत्तर आपल्या उलेमांनी द्यायला हवं. १९६६ साली आपल्याच चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले. त्या सात जणींपुढे कुठला गुंतवणूकदार नव्हता. त्यांनी नागरिक म्हणून मागितलं होतं.

हा 'नागरिक' शब्द दुबईत मात्र सापडत नाही, निदान बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. तिथं राहणाऱ्या दहा जणांतला जेमतेम एक जण स्थानिक आहे. बाकीचे नऊ कितीही वर्षं राहिले तरी व्हिसावर. कामगाराचा व्हिसा मालकाशी बांधलेला. पासपोर्ट मालकानं ठेवून घेणं कायद्यानं गुन्हा आहे, तरी ठेवले जातात, हे आपल्या गावांना माहीत आहे. युनियन नाही, संप नाही, वर्तमानपत्रात सरकारवर टीका नाही. उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारच्या वेळी उन्हात काम करून घ्यायला बंदी आहे. ती चांगलीच आहे, पण पगार थकला तर तो माणूस रस्त्यावर बसू शकत नाही. २०२२ पर्यंत चेक न वटणं हा तिथं सर्रास तुरुंगाचा गुन्हा होता. २००९ साली दुबई वर्ल्ड या सरकारी कंपनीनंच कर्जफेडीला मुदत मागितली, तिला अबुधाबीनं हात दिला. साध्या कर्जदार नोकरदाराला असा शेजारी नव्हता. हप्ते थकले की तो गाडी सोडून विमान पकडायचा.

तेव्हा दुबईचं कौतुक करताना हे लक्षात असू द्या की तिथली खात्री वरून दिलेली आहे. दिली तशी काढूनही घेता येते. परका तिथं पाहुणा आहे, काही पाहुण्यांना दिवाणखाना मिळतो आणि काहींना सोनापूरची कामगार वस्ती.

मुंबईत उलट आहे. इथं मत आहे, न्यायालय आहे, मोर्चा आहे, कलम १४ आहे. आंतरराष्ट्रीय वित्त केंद्र व्हायचं स्वप्नही जुनं आहे. पर्सी मिस्त्री समितीचा अहवाल २००७ सालचा. सागरी सेतू झाले, अटल सेतू झाला, आरेपासून कफ परेडपर्यंत भुयारी मेट्रो झाली, नवी मुंबईचा विमानतळ झाला. हे सगळं हवंच होतं. पण दिवाणी दावा वर्षानुवर्षं चालतो म्हणून आपल्या कंपन्या लवाद सिंगापूरला नेतात, त्याला पूल बांधून उपाय होत नाही.

आणि घराचं काय? दुबईत एका मजल्यावर मलयाळी, पेशावरी, फिलिपिनो आणि चिपळूणचा माणूस राहतो. घरमालक चेक पाहतो. मुंबईत त्याच चिपळूणच्या माणसाची मुलगी मोठ्या परदेशी बँकेत लागते, पगार भरपूर, आणि दलाल फोनवर आधी नाव विचारतो. नाव कळलं की फ्लॅट 'नुकताच गेलेला' असतो. बँकेला कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात मिळतं, तिच्या अधिकाऱ्याला घर मिळत नाही. हे फक्त आपलं रडगाणं म्हणून सोडून देण्यासारखं आहे का? जे शहर स्वतःच्या शिकलेल्या मुलीला नावावरून परत पाठवतं, ते परदेशी माणसाला कसली खात्री देणार? आज तो नकार आपल्याला आहे. मांस खाणाऱ्याला, एकट्या राहणाऱ्या बाईला, ईशान्येकडच्या मुलाला, आफ्रिकी विद्यार्थ्यालाही तोच आहे.

कायद्याची स्थिती गुंतागुंतीची आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा नियम ग्राह्य धरला. पण महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात कलम २३ आहे, खुल्या सभासदत्वाचं. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही आणि नाकारलं तर निबंधकाकडे अपील करता येतं. अडचण अशी की नकार कधी कागदावर येत नाही. भाड्याच्या घराला तर हे कलम उपयोगाचंच नाही.

आपल्या वस्त्यांतही हाच प्रश्न विचारा. मुंब्र्यात, कौशात, आपल्या गावच्या मोहल्ल्यात बिगरमुस्लिम भाडेकरू आला तर आपण काय करतो? दुसऱ्या मस्लकचा मुसलमान आला तर?

म्हणून वकील मंडळींशी बोलून आपण एक काम सुरू करतो आहोत. घर विकत घेताना ज्याला सोसायटीनं अडवलं, त्यानं सभासदत्वाचा अर्ज रीतसर लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि उत्तरासाठी तगादा लावावा. धर्म कुठलाही असो. उत्तर आलं नाही तरी पोच आपल्याकडे राहते आणि निबंधकासमोर ती ठेवता येते. अर्जाचे नमुने बाहेरच्या टेबलावर आहेत, मराठीत आणि उर्दूत. जाताना घेऊन जा. आता प्रश्न विचारा.