कोड्यांतील गळ आणि घरांतील घरोट

शब्दकोडें हा तसा अलीकडचा खेळ. २१ डिसेंबर १९१३ रोजीं आर्थर विन यांनीं न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रांत पहिलें कोडें छापलें. पुढें तें मराठींत आलें आणि असें रुळलें कीं, जळगांव-धुळ्याकडील कित्येक घरांत वर्तमानपत्राचें पहिलें पान मागाहून वाचलें जातें, चौकोन आधीं भरले जातात.

"मासे धरण्याचें साधन, दोन अक्षरें" असें वाक्य दिसतांच सरावलेला वाचक "गळ" लिहून मोकळा होतो. परंतु उत्तर "पाग" असलें तर? पाग म्हणजे फेकून पसरावयाचें वर्तुळाकार जाळें. त्याच्या कडेला वजनें असतात. म्हणून तें उघडें होऊन पाण्यावर पडतें, माशांना झांकीत खालीं जातें, आणि मधली दोरी ओढली म्हणजे कडा आंत मिटते. तापीकाठीं असें जाळें पडतांना ज्यानें पाहिलें आहे त्याला "पाग" पाठ करावा लागत नाहीं. उलट "डोल" किंवा "रापण" विचारल्यास तोच मनुष्य अडतो. डोल हें भरती-ओहोटीच्या ओघांत बांधून ठेवण्याचें पिशवीसारखें जाळें, आणि रापण किनाऱ्यावरून अनेकांनीं मिळून ओढावयाची. खानदेशाच्या नद्यांना भरती ठाऊक नाहीं!

मराठी कोड्याची आणखी एक अडचण आहे. येथें एका घरांत मात्रा-वेलांटीसह अख्खें अक्षर बसतें. "आमिष" आडवें लिहिलें कीं, मधल्या घरांत ऱ्हस्व "मि" आला. तेथून उभी "मिठाई" उतरेल, "मीठ" उतरणार नाहीं. ही तंगी सोसतांना कोडें रचणारा तेच तेच सोयीचे शब्द पुनःपुन्हा वापरतो. त्याला फारसा दोष देतां येत नाहीं.

वस्तूंच्या अवयवांविषयींचीं वाक्यें मात्र खरोखर रसाळ असतात. "धाव" हाच शब्द घ्यावा. गाडीच्या चाकावरील लोखंडी पट्टी ती धाव. मोटेचे बैल ज्या उतारावरून खालीं जातात तीहि धाव. आणि क्रिकेटच्या मैदानावर तर ती सर्वांच्याच तोंडीं आहे. विजेचे पंप आले, मोटा गेल्या. रबरी चाकें आलीं, लोखंडी पट्टी विरळ झाली. पहिले दोन अर्थ शहरी मुलाला आतां बहुधा कोड्यांतच भेटतात, आणि समजावून सांगण्यास घरांत आजोबा असले तर ठीक. शब्दाच्या मागें जाण्याची संवय धुळ्याला परकी नाहीं. मराठी शब्दांच्या व्युत्पत्तीसाठीं झिजलेले इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ सालीं तेथेंच वारले, आणि त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळहि तेथेंच उभें राहिलें.

खरी अडचण येते ती जळगांवकडील स्वयंपाकघरांत. "दळण्याचें साधन, दोन अक्षरें." आजी चटकन् म्हणते, "घरोट." नातू घरें मोजतो, आणि "आजी, चुकलं!" म्हणून "जातें" लिहितो. आजीचें कांहींच चुकलेलें नसतें. जळगांवजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनीं घरोटावर कविता रचली. त्यांचा संग्रह १९५२ सालीं प्रसिद्ध झाला आणि सगळ्या महाराष्ट्रानें तो शब्द मानानें वाचला. चौकटींत मात्र तो एका अक्षरानें जास्त भरतो, आणि मुलाच्या मनांत घरचा शब्द चुकीचा ठरतो. असें दहा वेळां घडलें कीं, आजी उत्तरें द्यावयाचीच थांबते.

यावर उपाय कोडें रचणाऱ्याच्याच हातीं आहे, आणि त्याला एक ओळहि जास्त लागत नाहीं: "जातें, खानदेशांत, तीन अक्षरें."